बंद घराचा मिस्ड कॉल : राजापूर तालुक्यातल्या एका घराचा फोन-अलार्म

पार्श्वभूमी

राजापूर तालुक्यातली एक वाडी. डांबरी रस्त्यापासून दीड-एक किलोमीटर आत जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर : ओटी, माजघर, देवघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि वर लाकडी माळा. मागे माड-पोफळीचं आगर आणि विहीर. कुटुंब डोंबिवलीला. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले दोन-तीन आठवडे सोडले, तर घराला कुलूप. सगळ्यात जवळचं राहतं घर अडीचशे मीटरवर. तिथे साठी ओलांडलेले काका-काकू असतात, त्यांचा मुलगा मुंबईला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

एका वर्षी गणपतीच्या आधी घर उघडलं, तेव्हा मागच्या पडवीच्या दाराचा कोयंडा स्क्रूसकट निघालेला होता. तांब्याचा बंब, दोन घंगाळी, समया, पितळी हंडे आणि विहिरीवरचा पंप गेला होता. त्याहून मोठं नुकसान उघड्या राहिलेल्या दारानं केलं. पाऊस आत येत राहिला, धान्याच्या कोठीला वाळवी लागली, दोन वासे कुजले. चौकटीवर कोळ्याची जाळी जुनी झाली होती, म्हणजे चोरी होऊन काही आठवडे लोटले होते. पोलिसांत तक्रार देताना तारीख सांगता आली नाही. 'मे अखेर ते गणपती' एवढंच लिहिलं गेलं.

नेमकी अडचण

चोर पकडायची यंत्रणा घरमालकांना नको होती. दार उघडलं की त्याच रात्री कळावं, ही पहिली गरज. दुसरी गरज तितकीच महत्त्वाची, पण बहुतेक घरगुती जुळण्यांमध्ये ती सुटते : यंत्र बंद पडलं तर तेही कळलं पाहिजे. चार महिने फोन आला नाही, तर घर सुरक्षित आहे की यंत्र कधीच मेलंय, हे ओळखायचं कसं?

तिसरी अट शेजारच्या काकांची. ते मदतीला तयार होते, पण पावसात, रात्री, पायवाटेनं दोन-तीनदा विनाकारण यावं लागलं तर चौथ्यांदा कोणीच येणार नाही. म्हणून खोटे इशारे कमी ठेवणं ही सोयीची बाब नव्हती, सगळी व्यवस्था त्यावर उभी होती.

शिवाय वीज. कोकणात घर बंद करताना मेन स्विच पाडूनच निघतात, आणि ते योग्यच आहे. विजांच्या कडकडाटात अडॅप्टर जळतात, ओल्या वायरिंगमधून शॉर्ट होतो. त्यामुळे यंत्राला महावितरणची वीज मिळणार नाही, असं धरूनच आखणी करायची होती.

समोरचे पर्याय

राखणदार ठेवणं हा जुना मार्ग. वाडीत तसा माणूसच उरलेला नव्हता.

सिमकार्डवर चालणारा सौर सीसीटीव्ही कॅमेरा अनेकांनी सुचवला. पण घरात ४जीची जेमतेम एक काडी येत होती, चित्रफीत वर चढत नव्हती. कॅमेऱ्यातल्या कार्डावर रेकॉर्डिंग होतं, पण चोर कॅमेराच उचलून नेतो. दर महिन्याच्या डेटाचा खर्च वेगळा.

तयार जीएसएम (मोबाइल नेटवर्कवरून कॉल करणारे) अलार्म पॅनल चार ते सहा हजारांत मिळतात आणि शहरातल्या फ्लॅटला किंवा दुकानाला ते पुरेसे असतात. इथे दोन गोष्टी आडव्या आल्या. त्यांचे बिनतारी सेन्सर लहान बॅटरीवर चालतात, त्या दमट हवेत कधी उतरतील सांगता येत नाही, आणि दीड फुटी चिऱ्याच्या भिंतीपलीकडून त्यांचा सिग्नल भरवशानं येत नव्हता. पाहिलेल्या पॅनलांपैकी एकातही 'मी जिवंत आहे' असा रोजचा निरोप पाठवायची सोय नव्हती.

अर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाला एसआयएम८००एल हे मोबाइल मॉड्यूल जोडणं हा हौशी मंडळींचा आवडता उपाय. मॉड्यूल स्वस्त आहे, एसएमएसही पाठवतं. पण ते फक्त २जीवर चालतं. जिओचं २जी जाळंच नाही, म्हणजे एक पर्याय सुरुवातीलाच बाद. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढला जातो. वायर बारीक असेल किंवा जवळ मोठा कपॅसिटर नसेल, तर व्होल्टेज पडतं, मॉड्यूल रीसेट होतं, आणि हे नेमकं सिग्नल कमजोर असताना जास्त घडतं.

शेवटी निवड झाली साध्या कीपॅड फोनची. त्याचं स्पीड डायलचं बटण रिलेनं (विजेनं चालणाऱ्या स्विचनं) 'दाबायचं', की फोन ठरलेल्या नंबरला लागतो. अँटेना, बॅटरी, चार्जिंग, नेटवर्क शोधणं हे सगळं फोन बनवणाऱ्यानं आधीच नीट सोडवलेलं असतं. फोन बिघडला तर राजापूरच्या बाजारात दुसरा मिळतो, आणि घरातलं कोणीही तो हातात घेऊन तपासू शकतं. आमच्या मते दुर्गम जागी हा गुण एसएमएसपेक्षा मोठा आहे.

आधी नेटवर्क, मग बाकीचं

एकही भाग विकत घेण्याआधी तीन कंपन्यांची सिमकार्डं घरात फिरवून पाहिली. माजघरात भिंतींमुळे दोन कंपन्या जवळपास गायब. माळ्यावर मात्र कौलांतून सिग्नल सहज येतो. तिथे एका कंपनीचं २जी आणि ४जी दोन्ही मिळालं. फोन घेतला तो ४जी कीपॅडवाला, व्होल्टी (४जीवरून होणारे कॉल) आणि २जी दोन्हींवर बोलता येणारा, म्हणजे उद्या २जी बंद झालं तरी अडायला नको.

माळ्याची अडचण उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये कौलांखाली हवा इतकी तापते, की लिथियम बॅटरी फुगायची भीती असते. फोनची पेटी उत्तरेच्या बाजूला, तुळईखाली आणि कौलांपासून दोन फूट खाली बसवली. एक काडी कमी झाली, पण कॉल लागत होता, म्हणून ती जागा पक्की केली.

दुकानात फोन निवडताना चार गोष्टी हाताळून पाहिल्या : कीपॅडचं आपोआप लागणारं लॉक पूर्ण बंद करता येतं का, स्पीड डायल आहे का, चार्जिंग चालू असताना बटणं नेहमीसारखी चालतात का, आणि ऑटो आन्सर आहे का. पहिलीच गोष्ट न जमणारे बरेच फोन निघाले.

रिचार्जचाही विचार आधीच करावा लागतो. पॅक संपला की बाहेर जाणारा कॉल बंद होतो आणि यंत्र मुकं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्यामुळे डेटाचे पैसे न मोजता लांब मुदतीचा पॅक टाकता आला. संपण्याच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची आठवण घरातल्या दोघांच्या फोनमध्ये लावली.

फोनची बटणं

कीपॅड फोनच्या रबरी बटणाखाली पातळ धातूची टिकली असते. ती दबली की खालची मधली बिंदी आणि बाहेरची कडी जोडली जाते. टिकल्यांचं चिकट आवरण हलक्या हातानं उचललं, हव्या त्या बटणांच्या टिकल्या काढल्या आणि आधी चिमट्याच्या टोकानं बिंदी-कडी जोडून फोन बटण ओळखतो का ते पाहिलं. मग प्रत्येक बटणाला दोन, अशा ३० गेजच्या तारा डाखल्या (सोल्डर केल्या). २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक टोक, भरपूर फ्लक्स, आणि एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. नाहीतर तांब्याची कडी सुटून येते. डाख लागल्यावर तारा गरम गोंदानं बोर्डाला चिकटवल्या, कारण ओढ बसली की पहिल्यांदा डाखच तुटतो.

ट्रान्झिस्टर न वापरता रिले वापरला, त्याला कारण आहे. कीपॅडच्या आडव्या-उभ्या ओळी फोन कुठल्या दिशेनं तपासतो ते बाहेरून कळत नाही. रिलेच्या कोरड्या संपर्काला दिशा नसते आणि फोनचं सर्किट बाकीच्यांपासून पूर्ण वेगळं राहतं.

चार बटणं जोडली. २ म्हणजे घरमालक, ३ म्हणजे शेजारचे काका, ४ म्हणजे घरमालकांचा दुसरा नंबर, आणि चौथं लाल बटण. स्पीड डायलसाठी बटण ३ सेकंद दाबून धरायचं. लाल बटणाला मात्र फक्त ०.३ सेकंद. बहुतेक कीपॅड फोनमध्ये तेच बंद-चालूचं बटण असतं. जास्त वेळ दाबलं गेलं की फोन बंद.

लाल बटणाची गरज का, हे प्रत्यक्ष चालवल्याशिवाय लक्षात येत नाही. प्रत्येक कॉलनंतर कंपनीचा शिल्लक रकमेचा संदेश पडद्यावर येऊन बसतो, कधी जाहिरातीचा. तो हटेपर्यंत स्पीड डायल चालत नाही. म्हणून प्रत्येक डायलआधी लाल बटण दोनदा, मध्ये एक सेकंद सोडून. शिवाय सिमच्या मेनूतल्या जाहिराती बंद केल्या आणि १९०९ वर डीएनडी (जाहिरातींचे कॉल-संदेश नकोत अशी नोंद) नोंदवलं.

नियंत्रणाला अर्डुइनो नॅनो आणि चार रिलेंचा बोर्ड. हे रिले बोर्ड नॅनोची पिन 'लो' (शून्य व्होल्ट) झाली की चालू होतात. प्रोग्राममध्ये आधी पिन 'हाय' करून मगच ती 'आउटपुट' केली नाही, तर यंत्र चालू होतानाच चारही रिले टकटकतात आणि रात्री-अपरात्री कुणाला तरी कॉल जातो.

रोजच्या निरोपासाठी घड्याळ लागतं. नॅनोवरचा सिरॅमिक रेझोनेटर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो, म्हणजे दिवसाला सात मिनिटं. महिन्याभरात रात्री आठचा कॉल साडेअकराला यायला लागेल. म्हणून डीएस३२३१ हे घड्याळ जोडलं. त्याच्या स्वस्त निळ्या बोर्डवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं आणि सोबत अनेकदा चार्ज न होणारी सीआर२०३२ सेल येते. तिथला डायोड किंवा त्याला जोडलेला रेझिस्टर काढून टाकावा, नाहीतर सेल फुगू शकते.

वीज

१२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड बॅटरी, २० वॉटचं सौर पॅनल आणि बॅटरी जपून भरणारा साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर. नॅनो, व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर, सेन्सर आणि फोनचं चार्जिंग मिळून दिवसाला साधारण अर्धा अँपिअर-तास जातो. बॅटरीचा अर्ध्याहून थोडा जास्तच भाग वापरायचा, म्हणजे ऊन अजिबात नसलं तरी आठवडाभर तग धरते. मुसळधार पावसातही ढगांतून दिवसभर येणाऱ्या थोड्या उजेडानं तेवढी भरपाई व्हावी, म्हणून १० वॉटचं पॅनल न घेता २० वॉटचं घेतलं.

पॅनल दक्षिण उतारावर, पायवाटेवरून दिसणार नाही असं. वायर कौलाखालून घेताना खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी वायरवरून पेटीत न जाता झोलाशी गळतं.

फोन कायम चार्जरला लावून ठेवायचा नाही, हा जुळणीतला महत्त्वाचा निर्णय. सतत भरलेली आणि तापलेली बॅटरी फुगू शकते. बॅटरी काढून थेट ४ व्होल्ट द्यावेत, तर फोन तिसऱ्या टोकावरून बॅटरी ओळखतो आणि ती न दिसल्यास चालूच होत नाही. म्हणून बॅटरी आतच ठेवली आणि वेगळ्या पाचव्या रिलेनं रोज दुपारी बारा ते एक एवढाच वेळ चार्जिंग दिलं. त्या वेळी ऊनही असतं.

३३ आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरांच्या विभाजकातून नॅनो मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज वाचतं. रात्री आठला ४ नंबरच्या बटणानं एक मिस्ड कॉल आला, तर सगळं ठीक. दोन आले, तर बॅटरी ११.८ व्होल्टच्या खाली गेली आहे. कॉल उचलायचाच नाही.

सेन्सर

दारांना चुंबकाचे रीड स्विच (चुंबक जवळ असेपर्यंत जोडलेले राहणारे). दुपाखी दारांच्या दोन्ही फळ्यांना वेगवेगळे, कारण एकच फळी उघडून माणूस आत येतो. सगळे मालिकेत जोडले. दार बंद असताना संपर्क जोडलेला, त्यामुळे कोणी वायर कापली तरी इशारा जातो. पुढचं दार वायरच्या एका फेऱ्यात (सर्किटात), मागची दारं दुसऱ्या. पुढच्या दाराला आत शिरून लपवलेला स्विच बंद करायला ४० सेकंदांची सवलत. मागच्या दाराला काहीच नाही, कारण घरची माणसं तिथून कधीच येत नाहीत.

वीसेक मीटर वायर म्हणजे विजांच्या दिवसांत एक अँटेनाच. नॅनोचा आतला पुल-अप (पिनला 'हाय' धरून ठेवणारा रेझिस्टर) अशा लांबीला फार अशक्त पडतो. बाहेरून २.२ किलोओहमचा पुल-अप, पिनआधी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. वर प्रोग्राममध्ये संपर्क सलग अर्धा सेकंद तुटलेला राहिला तरच इशारा. वायर पीव्हीसी पट्टीतून नेली, उंदरांसाठी.

चोर कौलं काढूनही उतरतो, म्हणून माजघरात आणि स्वयंपाकघरात एकेक एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर. तो सात मीटरपर्यंत पाहतो, पण हलत्या उष्णतेतला फरक ओळखतो, माणूस नाही. मे महिन्यात दुपारी खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ गेलं की तो मंदावतो. फोनजवळ ठेवला तर फोनच्या लहरींनीच तो चाळवतो. दोघांत दोन मीटर अंतर तरी हवं. रडारवाला आरसीडब्ल्यूएल-०५१६ सेन्सरही तपासला आणि नाकारला, कारण त्याला भिंतीपलीकडची हालचाल दिसते. वाऱ्यात माडाची झावळी हलली की इशारा.

सगळ्या बोर्डांवर नखांना लावतात त्या रंगहीन पॉलिशचे दोन हात दिले, पेटीत सिलिका जेल टाकलं, वायरची भोकं सिलिकॉननं बंद केली. खाऱ्या दमट हवेत डाखांवर हिरवा थर चढायला एक पावसाळा पुरतो.

एकूण खर्च साडेसहा हजारांच्या आसपास. फोन, बॅटरी आणि पॅनल मिळून त्यातला निम्म्याहून जास्त.

फोन आल्यावर कोणी काय करायचं

हा भाग कागदावर लिहून संबंधित सगळ्यांना दिला.

इशारा झाला की यंत्राला जोडलेला हूटर (भोंगा) फक्त ६० सेकंद वाजतो. जास्त वाजला तर पुढची पायरी बिघडते : घरमालक घरातल्या फोनला उलट कॉल करतात, फोन आपोआप उचलला जातो आणि घरातला आवाज ऐकू येतो. या फोनमध्ये हेडफोन लावलेला असेल तरच ऑटो आन्सर चालतं, म्हणून हेडफोन कायम जोडलेला आणि त्याचा माइक माळ्याच्या फटीतून माजघरात सोडलेला आहे.

काकांना सांगितलं होतं : घरात शिरायचं नाही, एकट्यानं जायचं नाही. अंगणात दिवे लावायचे, बॅटरीचा झोत टाकायचा, लांबूनच हाका मारायच्या. पोलिसांसाठी ११२.

रात्री आठचा मिस्ड कॉल आला नाही, तर पहिल्या दिवशी वाट पाहायची. वाडीतली वीज दीर्घकाळ गेली की टॉवरही बंद पडतो. दुसऱ्या दिवशीही आला नाही, तर काकांना विचारायचं की त्याच कंपनीचं नेटवर्क त्यांच्याकडे आहे का. नेटवर्क असूनही घराचा फोन गप्प असेल, तर दिवसाउजेडी जाऊन पाहायचं.

पहिली रात्रीची चाचणी फसली, कारण घरमालकांचा फोन झोपताना 'डू नॉट डिस्टर्ब'वर असतो. घराचा नंबर तारांकित संपर्कांत टाकला, त्याला वेगळी रिंगटोन दिली आणि तारांकितांचे कॉल वाजू द्यायची परवानगी चालू केली. यंत्र कितीही चांगलं असलं तरी उशाशी मूक पडलेला फोन सगळं वाया घालवतो, म्हणून ही चाचणी रात्रीच करावी.

पहिला पावसाळा

जूनच्या शेवटी मागच्या दाराचे इशारे सुरू झाले. दार फुगून चौकटीत नीट बसेना, चुंबक आणि स्विचमधलं अंतर वाढलं, वाऱ्याच्या झोतासरशी संपर्क सुटू लागला. जास्त अंतर चालणारा स्विच लावला आणि दाराला आतून अडसर घालणं सक्तीचं केलं.

मग स्वयंपाकघरातला पीआयआर. पाल थेट भिंगावरून फिरते, आणि भिंगाजवळची पाल सेन्सरला दूरच्या माणसाएवढी दिसते. सेन्सर भिंतीवरून काढून छताला टांगला, तेव्हा हा त्रास थांबला.

पण तोपर्यंत काका तीनदा येऊन गेले होते. तिसऱ्या वेळी ते फोनवर एवढंच म्हणाले, "भाऊ, आता खरंच कोणी आलं तर सांगा." यंत्रणेसाठी ही सगळ्यात गंभीर वेळ होती. इथे नियम बदलला. एकाच सेन्सरनं इशारा दिला, तर कॉल फक्त घरमालकांना. दोन वेगवेगळ्या सेन्सरनी पाच मिनिटांच्या आत इशारा दिला, तरच यंत्र काकांना कॉल करतं. बाकी वेळी ऐकून, खात्री करून काकांना उठवायचं की नाही ते घरमालक ठरवतात. यात एक धोका पत्करला : फक्त दार उघडून कोणी उंबऱ्यावरच थांबला, तर काकांना आपोआप कळणार नाही. तरी काकांचा विश्वास टिकवणं जास्त मोलाचं, असा निर्णय झाला. आम्हालाही तो बरोबर वाटतो.

जुलैत दोन दिवस निरोप आला नाही. काकांकडे नेटवर्क होतं. पेटी उघडल्यावर फोन बंद सापडला. लाल बटणाचा रिले दमट हवेत अडकून सुटायला उशीर करत होता, त्यामुळे बटण लांब दाबलं गेलं. रिले बोर्ड बदलला आणि लाल बटणापुरता रिलेऐवजी ऑप्टोकपलर (प्रकाशानं चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला. तिथे दिशा एकदा उलटसुलट जोडून पाहावी लागते, पण त्याला हलणारे भागच नसतात. रोजचा निरोप नसता, तर ही मुकी पेटी थेट गणपतीला सापडली असती.

जानेवारीतली रात्र

मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास घरमालकांना कॉल आला. त्यांनी उलट कॉल करून ऐकलं : हूटर थांबल्यावर लाकूड घासल्याचा आवाज, मग काहीतरी धातूचं पडलं. त्याआधीच यंत्राचा कॉल काकांनाही गेला होता, म्हणजे स्वयंपाकघरातल्या पीआयआरनंही कुणाला तरी पाहिलं होतं. घरमालकांनी ११२ लावला. काकांनी वाडीतल्या दोघांना सोबत घेतलं, खळ्यात उभं राहून झोत टाकले, आरडाओरडा केला. आगराच्या बाजूनं कोणीतरी पळाल्याची चाहूल लागली.

सकाळी पाहिलं, तर कोयंडा वाकवलेला, अडसर पहारीनं उचकटलेला, एक पातेलं जमिनीवर. काही गेलं नव्हतं. कोणी सापडलंही नाही. तक्रारीत या वेळी तारीख आणि वेळ होती, आणि दार त्याच दुपारी दुरुस्त झालं.

वेगळं काय करता आलं असतं

कोयंडा आधी बदलायला हवा होता. पहिल्या चोरीतच कळलं होतं की तो बाहेरून निघणाऱ्या चार स्क्रूंवर आहे. दाराच्या आरपार जाणारे बोल्ट आणि आतून चकती-नट, एवढ्या दोनशे रुपयांच्या कामानं चोराची दहा मिनिटं वाढली असती. अलार्मचा उपयोग तेवढ्या वेळापुरताच असतो : लोक येईपर्यंत चोर बाहेर अडकलेला हवा. ते काम दुसऱ्या प्रयत्नानंतर झालं.

दोन सेन्सरचा नियम पहिल्या दिवसापासून असता, तर काकांच्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या. पावसाळ्याआधी महिनाभर यंत्राचे कॉल फक्त घरमालकांकडे यावेत आणि मगच शेजाऱ्यांचा नंबर जोडावा, असं आम्ही सुचवू.

दुसरी व्यक्ती डोंबिवलीच्या बाहेरची हवी. सध्या घरमालक विमानात किंवा दवाखान्यात असले, तर एका सेन्सरचा इशारा कोणीच ऐकत नाही. ५ नंबरवर पुण्याच्या भाच्याचा नंबर टाकायचं ठरलं आहे. त्यासाठी फोन पुन्हा उघडून आणखी दोन तारा डाखाव्या लागतील. पहिल्यांदा फोन उघडला असतानाच सगळ्या अंकी बटणांच्या तारा बाहेर काढून ठेवाव्यात, तासाभराचंच काम वाढतं.

आज नव्यानं सुरुवात करायची असती, तर ४जीवर चालणारं मॉड्यूल आणि फोन यांची तुलना पुन्हा करावी लागली असती. मॉड्यूलला एसएमएस पाठवता येतो, कोणतं दार ते सांगता येतं, दुरून यंत्र चालू-बंद करता येतं. पण ज्या घरात ते बिघडल्यावर उघडून पाहणारं कोणी नाही, तिथे फोनच बरा.

विहिरीवरचा नवा पंप मात्र सुरुवातीला या सगळ्याच्या बाहेरच राहिला होता. आता त्याच्या पायाच्या भोकातून एक बारीक वायर ओवून ती मागच्या दाराच्या फेऱ्यात मालिकेत जोडली आहे. पंप हलवायचा तर ती तोडावीच लागते. जमिनीखालून नेताना ती अर्ध्या इंची पाइपातून नेली, कारण आगरात कुदळ चालते.